ठसा उमटत नाही

यंत्राने आपल्या बायकोची बोटं नाकारली तेव्हा काचवाल्याला आधी हसूच आलं. व्हिसाच्या कार्यालयातली ती खिडकी, पलीकडे कानात मोठे डूल घातलेली तरुण कारकून बाई, आणि मध्ये हिरवा उजेड सोडणारा तळहाताएवढा काचेचा तुकडा. बायकोने उजव्या हाताची चार बोटं त्यावर ठेवली. यंत्र थोडा वेळ विचारात पडलं आणि नाक मुरडल्यासारखा एक आवाज काढून लाल झालं. "जरा दाबून ठेवा," कारकून बाई म्हणाली. बायकोने दाबून ठेवली. पुन्हा लाल. मग डावा हात, मग दोन्ही अंगठे, मग ओल्या फडक्याने पुसून पुन्हा उजवा. शेवटी बाईने आपल्याकडचा पडदा त्यांच्याकडे फिरवला. त्यावर बोटांच्या आकाराचे राखाडी डाग होते आणि डागांच्या आत काही नव्हतं. यंत्रच बिघडलंय की काय म्हणून बाईने स्वतःचं बोट टेकवून पाहिलं, तर लगेच बारीक रेघांचा भोवरा उमटला. मग तिने बायकोचा हात खिडकीतून आत ओढून उजेडात धरला. "तुम्ही काम काय करता हो?" "काच घासते. ह्यांच्या दुकानात." "हां, मग बरोबर. झिजलीत बोटं. येतात अशी माणसं, धुण्याभांड्याच्या बायका येतात, गवंडी येतात. हाताला आराम द्या. रोज मलम लावा, वर सुती हातमोजे घाला आणि महिन्या-दीड महिन्याने या. ठसा उमटल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही." काचवाल्याने उगीचच विचारलं, "आणि माझे ठसे?" बाईला त्याचंच हसू आलं. "तुम्हाला कुठे व्हिसा लागतोय? तुमचा पासपोर्ट इथला. तुम्ही मनात आलं तर आज संध्याकाळीसुद्धा निघाल. ह्यांचा परदेशी, म्हणून ह्यांना लागणार. आणि तोही तुम्ही सोबत असलात तरच."

तरच. हा शब्द त्याला जिना उतरताना बरा वाटला होता, हे त्याला नंतर आठवलं. एरवी हे सगळं प्रकरणच त्याच्या जिवावर आलेलं. आजवर त्यांच्या सुट्ट्या देशातल्या देशात व्हायच्या, त्याही चार दिवसांच्या, कारण दुकान बंद ठेवलं की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. पण आता बायकोने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं. तिची थोरली बहीण तिच्या मुलखात राहायची. ती इकडे यायला निघाली तर इकडचे लोक व्हिसा द्यायचे नाहीत. हिने तिकडे जावं तर तिकडचे लोक परत निघू देतील याची खात्री नाही. लग्नानंतर दोघींची गाठ पडलेली नव्हती. मग कोणीतरी सुचवलं, की दोन्हीच्या मधोमध समुद्रात एक चिमुकला बेटाचा देश आहे, सगळे तिथे सुट्टीला जातात, थोरलीला तिथे मुभा आहे, तर तुम्हीही आठ दिवस तिथे जा. घाईचं कारण असं, की थोरलीची दृष्टी चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. "दिसतंय तोवर तिला मला बघायचंय," बायको म्हणाली होती, आणि हे वाक्य तिने मराठीत इतकं नीट जुळवून म्हटलं, की ते तिने आधी मनात घोळवून ठेवलं असणार हे त्याला कळलं. तो म्हणाला, "जाऊ की. त्यात काय एवढं?" तोवर त्यात एवढं काही नव्हतंच.

त्या दिवशी घरी आल्यावर बायको पाणी प्यायली आणि तिने काचेचा पेला टेबलावर ठेवला. काचवाल्याने तो उचलून खिडकीच्या उजेडात धरला. हे त्याने का केलं, त्याला सांगता आलं नसतं, हाताने केलं. पेल्याच्या कडेला ओठांची पुसट रेघ होती. बाकी पेला लख्ख. पाणी पिणारं कोणीतरी होतं, पण पेला धरणारं कोणी नव्हतं. जन्मभर ज्याचं बोटांच्या डागांशी वैर, त्या माणसाला हे आधी दिसू नये? दुकानात तो गिऱ्हाइकाच्या अंगावर ओरडायचा, "लांबून बघा हो, हात लावायचं काम नाही!" काच कापायची हिरकणी जितकी त्याच्या हातात असायची तितकंच पुसायचं फडकं खांद्यावर असायचं. माणसं बघितल्याशिवाय राहत नाहीत आणि नुसती बघून समाधान पावत नाहीत, हे त्याचं ठाम मत. वरच्या मजल्यावर राहणारी त्याची ताई घरात येऊन गेली की कपाटाच्या काचेवर, आरशावर, दाराच्या तावदानावर तिची पाचही बोटं मागे राहायची, तो पुसत पुसत तिला शिव्या घालायचा आणि ती वरून ओरडायची, "पूस पूस, तेवढंच येतं तुला!" त्याची स्वतःची बोटंही तो रोज पुसायचा. बायकोची मात्र कधी पुसावी लागली नव्हती. त्याला त्याचा अभिमान होता. हिला काचेला हात कसा लावायचा ते कळतं, असं तो चारचौघांत सांगायचा, आणि बायको मान खाली घालून हसायची. इतकी वर्षं ती या घरात दारं उघडत होती, खिडक्या लावत होती, आरशासमोर उभी राहून केस बांधत होती, आणि या साऱ्या काचांना तिचा पत्ताच नव्हता.

तशी ती आली होती काच घ्यायलाच. परक्या शहरात नवीन, कसल्याशा नोकरीवर, हातात एक छोटी तसबीर. प्रवासात तिची काच फुटली होती. आतल्या फोटोत दोन मुली एका भिंतीला टेकून उभ्या होत्या, एकसारखे झगे, एकसारखे आखूड केस, दोघी उन्हामुळे डोळे बारीक करून बघत होत्या. त्याने काच कापून दिली आणि पैसे घेतले नाहीत, हा मूर्खपणा ताईने पुढे वर्षानुवर्षं चघळला. लग्न झालं, ती भाषा शिकली, ताईचं बघून त्याला 'अहो' म्हणू लागली. नोकरी सुटली तेव्हा दुकानात येऊन बसू लागली, आणि बसून कंटाळली तेव्हा त्यानेच तिला कडा घासायला शिकवलं. कापलेल्या काचेची कड फिरत्या कुरुंदाच्या पट्ट्यावर पाण्याच्या धारेखाली धरायची आणि उघड्या बोटाने चाचपत जायचं. हातमोज्यातून कडेचा खडबडीतपणा कळत नाही, हे त्याचंच सांगणं. ती इतकी हुशार निघाली की त्याने कारागीर काढून टाकला. पुढे व्याप वाढल्यावर एक ठेवला, पण नाजूक काम तिच्याकडेच. संध्याकाळी तिचे हात पांढरे, गार आणि गुळगुळीत असायचे. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवायची तेव्हा बोटं कळायची नाहीत, नुसती ऊब सरकल्यासारखी वाटायची. ते त्याला आवडायचं. आता पेला हातात धरून उभं असताना त्याच्या मनात आलं, की आपल्या पाठीवरून इतकी वर्षं नेमकं काय फिरत होतं? आणि या विचाराची त्याला इतकी लाज वाटली, की त्याने कारण नसताना तो पेला विसळून टाकला.

बायको घरी राहू लागली. सकाळी तो दुकानात निघाला की ती खिडकीशी बसायची, पांढरे सुती हातमोजे घालून, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. घरात मलमाचा मेणचट वास पसरला. ताई खाली येऊन स्वयंपाकाला हात लावायची आणि म्हणायची, "महाराणी झाली हो आमची! मला नाही कधी कुणी हातमोजे दिले." दुपारी थोरलीचा फोन यायचा. पूर्वी तो रविवारी यायचा आणि चार वाक्यांत संपायचा. आता रोज, आणि बराच वेळ. एकदा काचवाला जेवायला लवकर आला तर जिन्यातच त्याला एका बाईचं हसणं ऐकू आलं. खालच्या पट्टीतलं, जरा घोगरं, दम लागेपर्यंत चाललेलं. कोण पाहुणी आली म्हणून त्याने शर्ट नीट केला. आत बायको एकटीच होती, कानाला फोन. त्याला बघून तिने हसू आवरलं आणि मराठीत म्हणाली, "आलात? वाढते हं." तो तिचा नेहमीचा आवाज होता, वरच्या पट्टीतला, बारीक. तो जेवायला बसला, पण त्याचं लक्ष लागेना. त्याला माहीत असलेली बायको एवढ्या खोलवरून कधी हसली नव्हती. म्हणजे ते हसू तिच्याजवळ आधीपासून होतं आणि तिने ते इथे कधी काढलंच नव्हतं, की हल्लीच कुठून आलं होतं? "कशाला हसत होतीस एवढं?" त्याने विचारलं. ती थोडी थांबली, शब्द शोधल्यासारखी. "सांगता नाही येणार. त्या भाषेतच आहे ते." आणि तिने त्याच्या ताटात भात वाढला.

पहिला ठसा त्याला भिंतीतल्या कपाटाच्या काचेवर दिसला. सकाळचं ऊन तिरपं पडलं होतं आणि त्यात तो एकटाच उभा होता, स्पष्ट, मधोमध एक भोवरा. काचवाल्याला घरातले ठसे नजरेने पाठ होते. ताईचा रुंद आणि नेहमी फरफटलेला, त्याचा स्वतःचा अंगठ्यावर चिरेचा व्रण असलेला. हा तिसराच होता. चोर शिरला होता की काय, हेच पहिल्यांदा त्याच्या डोक्यात आलं. त्याने दाराचा कडी-कोयंडासुद्धा तपासला. मग आत जाऊन त्याने झोपलेल्या बायकोकडे पाहिलं. हातमोजा निघून उशीवर पडला होता आणि तिचा हात उताणा, बोटं किंचित मिटलेली. त्याला ती बोटं उघडून बघायचा धीर झाला नाही. तो बाहेर आला आणि खांद्यावरच्या फडक्याने कपाटाची काच पुसली, सवयीपेक्षा जरा जास्त वेळ.

पण ते वाढत गेले. आरशाच्या कोपऱ्यात, तावदानावर, घड्याळाच्या काचेवर. न्हाणीघरातल्या झरोक्याच्या काचेवर, जिथे तिचा हात पोचायचा नाही, तिथे एक आख्खा पंजा होता. "तू वर चढली होतीस?" "हो, स्टुलावर. पलीकडे काय आहे बघायला." "इतकी वर्षं नाही बघितलंस ते?" "नाही. नाही बघितलं." तिच्या उत्तरात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. माणसाचं घर म्हटलं की हात लागणार, ती तसं म्हणालीही, "माझंच घर आहे ना? हात लागणारच की." तो पुसत राहिला. आधी ती समोर नसताना पुसायचा, मग समोरसुद्धा. एका दुपारी तिने त्याला जवळ बोलावलं, उजवा हातमोजा काढला आणि अंगठा त्याच्या नाकासमोर धरला. मलमाने चकचकणाऱ्या कातडीवर रेघा उठल्या होत्या, गोल गोल, आणि मधोमध एक बारीकसा पापणीच्या आकाराचा डाग. "हा बघा, डोळा परत आला," ती म्हणाली. लहानपणी त्या दोघी बहिणी दिव्याच्या काजळीत अंगठे बुडवून भिंतभर उमटवत. आई रागावायची. दोघींच्या अंगठ्यात सारखाच डोळा होता; त्यांच्या भाषेत त्याला डोळाच म्हणत. थोरली म्हणायची, की ज्या भिंतीवर आपण डोळा ठेवला तिथलं आपल्याला दिसतं, आपण कुठेही असलो तरी. काचवाल्याने हसल्यासारखं केलं. पण त्या दिवसापासून घरात कुठेही ठसा दिसला, की तो आधी मधला डोळा उघडा आहे की मिटलेला हेच बघू लागला. एवढा मोठा बाप्या माणूस, पण त्याला स्वतःच्या घरात कपडे बदलताना संकोच वाटायला लागला.

त्याच दिवशी बोलण्याच्या ओघात त्याने भिंतीवरच्या त्या तसबिरीकडे बोट दाखवलं. "बघ, तुला अंगठ्याचं वेड तेव्हापासूनचंच," तो डावीकडच्या मुलीबद्दल म्हणाला. ती मुलगी तोंडात अंगठा धरून उभी होती. त्या फोटोतली त्याची आवडती जागा ती. दुकानात मंदी असली, मन उदास असलं, की तो येऊन त्या मुलीकडे बघत उभा राहायचा आणि त्याला बरं वाटायचं. बायको त्याच्याकडे बघतच राहिली. "ती ताई आहे माझी," ती म्हणाली. "मी ही. उजवीकडची." तो म्हणाला, "चेष्टा करू नकोस." ती म्हणाली, "चेष्टा कशाला करू? तुम्हाला माहीत नव्हतं?" तिला वाईट वाटलेलं दिसलं नाही, तिला नवल वाटलं, आणि नंतर हसू आलं, ते नवं, खालच्या पट्टीतलं. काचवाल्याने उजवीकडच्या मुलीकडे पाहिलं. तिच्याकडे त्याने कधी नीट पाहिलंच नव्हतं. ती डोळे बारीक करून, जरा रागाने, थेट फोटो काढणाऱ्याकडे बघत होती. ओठ घट्ट मिटलेले. ही मुलगी मोठी होऊन आपल्या घरात राहायला येईल असं तिच्याकडे बघून कोणालाही वाटलं नसतं.

मग त्याला भीती वाटू लागली. ती कशाची, ते सुरुवातीला त्याचं त्यालाही धड कळेना. तिथे बेटावर ही बहिणीला भेटेल, दोघी त्या भाषेत त्या आवाजात हसतील आणि आठ दिवसांनी ही परत यायला नकार देईल, असं ती भीती कधी म्हणायची. कधी ती याच्या उलटं म्हणायची, आणि ते फार वाईट होतं: की ही नक्की परत येईल, पण कोण परत येईल? एके सकाळी दुकानात त्याला सगळंच धुरकट दिसत होतं. काच धुरकट, रस्ता धुरकट, गिऱ्हाइकाचा चेहरा धुरकट. डोळे तपासून घ्यायला हवेत असं मनात म्हणत त्याने चष्मा काढला, तर उजव्या भिंगावर, अगदी बुबुळासमोर, अंगठ्याचा ठसा होता. डोळ्यावर डोळा. तो झोपेत असताना चष्मा उशाशी होता. तिने उचलून बाजूला ठेवला असेल. उचललं तर अंगठा भिंगावर येतोच, यात काय विशेष? पण अर्धी सकाळ तो जग त्यातून बघत होता. शर्टाच्या टोकाने त्याने भिंग इतकं घासलं, की त्यावर ओरखडा पडला.

पुन्हा कार्यालयात जायचा दिवस ठरला होता. आदल्या दिवशी दुपारी काचवाला दुकानातून हातगाडीवर आरसे घेऊन घरी आला. एका मोठ्या हॉटेलचं काम होतं, गोल आरसे, न घासलेल्या कडांचे. कारागिराला ताप आला होता हे खरं होतं. हॉटेलवाल्याला घाई होती हेही खरं होतं. मात्र ती घाई आठवडाभर थांबू शकली असती, आणि हे त्याला गाडी ढकलताना पावलोपावली माहीत होतं. मागच्या अंगणात घासायचा जुना पट्टा होताच. तो म्हणाला, "जरा अडचण झालीय गं. तेवढ्या कडांवरून हात फिरवून देतेस का? थोडंसंच आहे." बायको दारात उभी होती. तिने आरशांकडे पाहिलं. एकेका आरशात ती थोडी थोडी दिसत होती. "उद्या जायचंय ना?" ती म्हणाली. "जायचंय की. पण हे आज द्यायचंय." तो तिच्या डोळ्यांकडे बघत नव्हता, तिच्या हातमोज्यांकडे बघत होता. एखाद्या वेळी ती ओरडली असती, मोजे फेकून मारले असते, तर बरं झालं असतं. त्याने लगेच माघार घेतली असती, अशी तो स्वतःची समजूत घालत होता. तिने आधी उजवा हातमोजा काढला, मग डावा, एकात एक घालून नीट घडी केली आणि खिडकीत ठेवली. पट्टा सुरू झाला. पाण्याची धार सुटली, पांढरं पाणी मोरीकडे वाहायला लागलं, आणि काचेचा तो ओळखीचा बारीक किंचाळणारा आवाज अंगणात भरला. काचवाला पायरीवर बसून ऐकत राहिला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्याच्या जिवात जीव आला. ऊन उतरेपर्यंत ती घासत होती. संध्याकाळी ती पाणी प्यायली, आणि ती आत गेल्यावर त्याने पेला उचलून उजेडात धरला. पेला लख्ख होता. त्याने तो खाली ठेवला आणि मग मात्र त्याला आपण काय केलं ते कळलं. पण आरसे घासून झाले होते.

खिडकीपलीकडे तीच डूलवाली कारकून बाई होती. यंत्र लाल झालं, पुन्हा लाल झालं. बाईने हात उजेडात धरला आणि चुकचुकली. "अहो, काल-परवा काम केलंत का? येता येता गेलेत ठसे. ताजं घासलंय." बायको म्हणाली, "हो, थोडं केलं." एवढंच म्हणाली. काचवाल्याने रात्री ठरवलं होतं, की असं झालं तर आपण सगळं कबूल करायचं, पुन्हा महिना मागायचा, ती म्हणेल ते करायचं. पण थोरलीच्या डोळ्यांना महिना उरला होता का, हे कोण सांगणार? तेवढ्यात बाईच म्हणाली, "थांबा. यजमान सोबत आलेत ना? मग मार्ग आहे. ठसे येतच नसतील तर ज्याच्यासोबत प्रवास करायचा त्याने साहेबांसमोर ओळख पटवायची. एका वाक्याचं काम आहे. चला." त्याच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. एका वाक्याचं काम! देव नाही म्हणायला जागा नाही, असं त्याला वाटलं, आणि त्याने बायकोचा दंड धरून तिला आत नेलं. तिनेही धरू दिला.

आतल्या खोलीत अधिकारी होते, सर्दी झालेले, टेबलावर रुमालांचा ढीग. एका बाजूला पांढरी भिंत आणि तिच्यावर रोखलेला एक दिवा. "बाई, तुम्ही तिकडे उभ्या राहा. केस कानामागे घ्या. इकडे, सरळ बघा." मग काचवाल्याला म्हणाले, "यांच्याकडे नीट बघा आणि सांगा. ही तुमची पत्नी, तुम्ही हिला ओळखता, हीच ती. बस." त्याने पाहिलं. दिव्याचा उजेड पांढरा होता, त्यात सावलीच नव्हती. भिंतीला टेकून एक बाई उभी होती. डोळे उजेडाने बारीक झालेले. ओठ घट्ट मिटलेले. ती जरा रागाने, थेट बघत होती. रुंद कपाळ, नाकाच्या बाजूला एक बारीक तीळ. हा तीळ होता? होता असणार. रोजची बायको त्याला आठवेना. तो मनातल्या मनात तिला घरात शोधू लागला, आरशासमोर, खिडकीशी, पट्ट्याजवळ, आणि जिथे जिथे बघावं तिथली काच पुसलेली होती. ही कोण? ही कुठून आली? "हं?" अधिकारी शिंकले आणि म्हणाले, "बोला, काका. हीच ना?" काचवाल्याने तोंड उघडलं. दुकानात दिवसाला पन्नास वेळा लोक विचारायचे, टिकेल ना, फुटणार नाही ना. त्यावर जिभेवर जे असायचं तेच बाहेर पडलं. "मला वाटतं, हो."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "वाटतं?" ते म्हणाले. "वाटतं कसं चालेल हो?" काचवाला घाईघाईने म्हणाला, "हो, हो, हीच. हीच आहे. माझीच बायको." पण आता तो ओरडून बोलत होता, आणि ओरडून सांगितल्यावर ते त्याला स्वतःलाच खोटं वाटलं. अधिकाऱ्यांनी एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं, कागद फिरवला आणि रुमाल नाकाला लावला. "अर्धा क्षण जरी अडखळलं तरी मला पुढे नाही पाठवता येत. जबाबदारी माझ्यावर येते. ठसे आले की या. सावकाश या." दिवा विझला. बायको भिंतीपासून पुढे आली, केस सारखे केले आणि टेबलावरची स्वतःची कागदपत्रं गोळा करायला लागली.

ते जिना उतरले आणि रस्त्यावर आले. दुपारची गर्दी होती. तो तिच्या मागे अर्धा पाऊल चालत होता. "ऐक ना," तो म्हणाला, "तो दिवा असा होता, की मला काही दिसेनाच." ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर त्याला आधार वाटला असता. "मलाही कधी कधी तुम्ही ओळखू येत नाही," ती म्हणाली. "सकाळी दाढी करून बाहेर येता तेव्हा. किंवा दारातून एकदम आत येता तेव्हा. मी मनात म्हणते, हा कोण माणूस, आणि मी इथे काय करतेय? पहिल्या वर्षापासून होतं असं." एवढं बोलून ती पुढे चालू लागली, आणि चालता चालताच म्हणाली, "पण मला विचारलं असतं तर मी लगेच हो म्हटलं असतं." काचवाल्याला तिचा हात धरावासा वाटला, पण तिचा कोणता हात आपल्या ओळखीचा आहे हे त्याला ठरवता येईना.

बसच्या थांब्यावर तिचा फोन वाजला. थोरली होती. बायको वळून उभी राहिली, एक बोट दुसऱ्या कानात घालून, आणि त्या भाषेत बोलू लागली. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. पलीकडचा आवाज आधी वर चढला, मग तुटला, मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला. शेवटी थोरलीने काहीतरी विचारलं. बायकोने काचवाल्याकडे पाहिलं, अगदी थोडा वेळ, आणि दोन-तीन शब्दांत उत्तर देऊन फोन बंद केला. बस आली आणि गेली. ते दोघं तिथेच उभे होते. "काय विचारत होती ताई?" त्याने विचारलं. "विचारत होती, साहेबांनी नवऱ्याला विचारलं का, आणि नवरा काय म्हणाला." त्याने चष्मा काढून हातात घेतला. "मग? तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, लगेच हो म्हणाले."